सँपल ऑटोक्लेव्ह केलंय? तरीही हे वाचा

“अहो, साधे सोन्याचे नॅनोकण आहेत, रक्तवाहिनीच्या पेशींना घातक कसे ठरले?” रिपोर्ट गेला की असा फोन येतोच. बरेचदा सोनं बिचारं निर्दोष असतं. घोळ पाण्याचा असतो.

ग्राहकांनी पाठवलेले नॅनोकण पेशींना घातक आहेत का, हे आम्ही तपासतो. त्या चाचणीसाठी आम्ही नाळेच्या शिरेतून मिळवलेल्या मानवी एंडोथेलियल पेशी वापरतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर याच पेशींचं. सँपलमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या कवचातलं विष, किंचित जरी असलं तरी त्या चवताळतात. ई-सिलेक्टिन वाढतं, आयएल-8 सुटू लागतं (दोन्ही दाहाची खूण असलेली प्रथिनं) आणि रिपोर्टमध्ये आळ नॅनोकणांवर येतो.

“पण ऑटोक्लेव्ह केलं होतं!” गाडी इथेच अडते. ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेत 121 अंशांना जिवाणू मरतात, त्यांचं एंडोटॉक्सिन मागे उरतं. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते पार जातं. एका ग्राहकाकडे डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आठवडाभर उघडा होता. त्याच पाण्याने तीन बॅचेस बनल्या, तिन्ही टाकून द्याव्या लागल्या. काचेची भांडी फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये 250 अंशांना अर्धा तास कोरडी भाजा. (भांडी, कण नव्हे. एकांनी कणच भाजले होते.) पाणी एंडोटॉक्सिनमुक्त घ्या.

म्हणून पेशींना हात लावण्याआधी आम्ही एंडोटॉक्सिन शोधणारी लायसेट टेस्ट करतो. तिचे पैसे वेगळे, त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत. पण वाया गेलेल्या पेशींपुढे ती स्वस्तच पडते. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींचा अर्क आणि सँपल एका नळीत 37 अंशांवर तासभर ठेवायचं आणि नळी उलटी करायची. जेल तळाला घट्ट चिकटून राहिली, की एंडोटॉक्सिन आहे. रंगीत कण रंग मोजणाऱ्या मशीनला चकवतात, म्हणून आम्ही ही जुनी पद्धत सोडलेली नाही. दुसऱ्या नळीत मोजकं एंडोटॉक्सिन मुद्दाम घालतो. तिथेही जेल धरली नाही, तर कणच टेस्टमध्ये अडथळा आणताहेत हे कळतं.

सँपलसोबत कण न घातलेलं तेच द्रावणही 5 मिलि पाठवा. त्याची टेस्ट आम्ही मोफत करतो. भाजलेल्या बाटल्या आणि एंडोटॉक्सिनमुक्त पाणी हवं असल्यास ऑर्डर देताना सांगा, कुरिअरने पाठवतो.

आणि सँपल फ्रीझरमध्ये ठेवू नका. सोन्याचा लाल द्रव जांभळा होऊन आला, तर कण एकमेकांना चिकटलेले असतात. असं सँपल आम्ही चाचणीला घेत नाही, परतीचं कुरिअर तुमच्याच खर्चाने.