बेने इस्राएल कीर्तन

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाची मराठी कीर्तनपरंपरा. अलिबागच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्याने ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले हे लोक पुढे मुंबईत आणि ठाण्यात स्थिरावले. ठाण्यातील ‘शार हाशामायिम’ हे सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) १८७९ सालचे. आज देशातील बेने इस्राएलांचे ठाणे हे एक प्रमुख केंद्र आहे.

ही कीर्तने १८८० च्या सुमारास मुंबईत सुरू झाली. साचा हिंदू कीर्तनाचाच: मधेमधे निरूपण, साकी, दिंडी, आर्या या वृत्तांतल्या रचना, पदे आणि साथीला पेटी. आख्याने मात्र ‘तोरा’ हा यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ व इतर हिब्रू धर्मग्रंथांतील. भावांनी विकलेला योसेफ, इजिप्तमधून लोकांना बाहेर काढणारा मोशे, राजा दावीद यांच्या कथा ओव्या-अभंगांच्या वळणाने सांगितल्या जात. हिब्रू न समजणाऱ्या घरच्या माणसांना आपला धर्म मायबोलीत कळावा, हा त्यामागचा हेतू. कीर्तनाच्या पुस्तिका मराठीत छापल्या गेल्या. म्हणूनच हा ‘त्यांचा’ ठेवा म्हणून बाजूला ठेवण्याचा विषय नाही. मराठी कीर्तनाच्या इतिहासातले हे एक अस्सल प्रकरण आहे आणि त्या इतिहासात त्याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, याची खंत वाटते.

१९४८ नंतर बराच समाज इस्राएलला गेला. श्रोते विखुरले, कीर्तनकार घडेनासे झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पदे टिकवण्यात बायकांच्या मंडळांचा मोठा वाटा होता. पूर्वी पुरुष कीर्तनकार करत ते आख्यान आता अनेकदा बायकांच्या सामूहिक गायनातून ऐकू येते. घरगुती ‘मलिदा’ विधीची रीत मात्र घट्ट टिकून आहे: भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलची व सुका मेवा कालवून, भोवती फळे मांडून एलियाहू हन्नवी या प्रेषिताचे स्तवन म्हटले जाते.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. दर्जाने कागदोपत्री सोय होते, पण कला टिकते ती मंचावर. ठाण्यात गडकरी रंगायतनसारखी नाट्यगृहे आहेत, कीर्तनमहोत्सवांना हक्काचा श्रोता आहे. नारदीय आणि वारकरी कीर्तनाशेजारी योसेफाच्या आख्यानालाही तिथे एक संध्याकाळ मिळायला हवी. तीही ‘परधर्मीय पाहुणे’ म्हणून नव्हे, कीर्तनकार म्हणून. त्याहून तातडीचे काम ध्वनिमुद्रणाचे आहे: शब्द पुस्तिकांत सापडतात, चाली मात्र आज ज्येष्ठ गायिकांच्याच तोंडी आहेत.