बुरशीनं बुरशी मरते कशी?

चना पेरायच्या आदल्या दिवशी मोठेबाबा ओसरीत ताडपत्री टाकून बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी) चोळत होते, मधेच हात थांबवून म्हणाले, "काहून बे, हे बी बुरशीच हाय ना, मंग बुरशीनं बुरशी मरते कशी?" प्रश्न बरोबरच आहे, कारण आपला चना उबळतो (मर लागून वाळतो) तोही जमिनीतल्या फ्युजेरियम नावाच्या बुरशीनंच.

तर वावरातल्या मातीत खायला कमी आणि खाणारे लय. ट्रायकोडर्मा नुसती जागा अडवत नाही, दुसऱ्या बुरशीच्या तंतूला वेढे घालते, एन्झाइम सोडून तिच्या पेशीची भिंत सैल करते (त्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचातलंच) आणि मग पेप्टायबॉल नावाचे छोटे रेणू आतल्या पातळ पडद्याला भोकं पाडतात, वर भिंतीची डागडुजीही होऊ देत नाहीत. म्हणजे एक दार तोडतो, दुसरा मिस्त्रीला येऊ देत नाही! ट्रायकोडर्माच्या काही जाती वाढवल्या की त्यांना तर चक्क नारळासारखा वास येतो, आणि तो वास देणारा पदार्थही शत्रूची वाढ रोखतो.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञानं, 1932 मध्ये, अमेरिकेत. रोपं सडवणाऱ्या रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीला ट्रायकोडर्मा खाते हे त्याला दिसलं आणि 1936 पर्यंत त्यानं ती वाढवलेल्या द्रवातून विष वेगळंही काढलं. त्यालाच आपण ग्लायोटॉक्सिन म्हणतो. जंतू मारतं म्हणून औषध होईल असं वाटेल, पण ते माणसाच्या पेशींनाही सोडत नाही, म्हणून गोळी काही झाली नाही. गजकर्णावरची (तोही बुरशीचाच रोग) ग्रिसिओफुल्विनची गोळी मात्र बुरशीचीच देणगी, पेनिसिलियम नावाच्या बुरशीच्या एका जातीत 1939 ला सापडलेली.

आता कामाचं. ट्रायकोडर्मा जिवंत आहे, पुडीतली पावडर म्हणजे तिचे बीजाणू, आणि कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाला आपली बुरशी कोणती न् परकी कोणती हे कळत नाही, ते दोघींनाही मारतं. म्हणून दोन्ही एकत्र चोळायचं नाही. दुकानदार दोन्ही पुड्या हातात देतो, हे सांगत नाही.

मी हे सांगितलं तर मोठेबाबा गप्प. मग हळूच म्हणाले, "मांगच्या साली म्या दोन्ही एकाच घमेल्यात कालवलं होतं."

"मग?"

"चना तर बरा झाला होता ना बे!"

आता कार्बेन्डाझिमनं वाचवला की त्या साली फ्युजेरियमच कमी होती, कोण जाणे. यंदा पुडी एकच आहे.