पार्श्वभूमी : रक्ताभिसरणाचा हिशेब

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत १९९८ पासून एमबीबीएस आणि बीएएमएस हे दोन्ही अभ्यासक्रम येतात. बीएएमएसचा, म्हणजे आयुर्वेदाचा, विद्यार्थी सुश्रुताने सांगितलेल्या, नाभीपासून निघणाऱ्या ७०० सिरा आणि २४ धमन्या शिकतो. हृदयाचे चार कप्पे आणि झडपाही त्याला चुकत नाहीत. रक्त शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येतं, हे सिद्ध करण्याचं श्रेय विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याला दिलं जातं. मग ‘हार्वेच्या आधी हे आपल्याला ठाऊक होतं का?’ हा वाद रंगणारच.

त्यातला सर्वांत भक्कम पुरावा सुश्रुतात नव्हे, भेलसंहिता या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आहे. हृदयातून रस (अन्नापासून बनणारा पोषक द्रव) निघतो, सर्वत्र जातो आणि सिरांवाटे पुन्हा हृदयाकडे येतो, अशा अर्थाचा श्लोक तिथे आहे. ही संहिता हाती आली ती तंजावरच्या सरस्वती महालातल्या हस्तलिखितामुळे. भोसले राजांनी जोपासलेलं ग्रंथालय ते, म्हणून मराठी माणसाला अंमळ जास्तच अभिमान. श्लोक विलक्षण आहे खरा. पण रस किती, किती वेळात, कोणत्या वाटेने, याचा पडताळा त्यात नाही. त्याला शोध म्हणणं मला ताणलेलं वाटतं.

पश्चिमेत दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याचा शब्द सुमारे १४०० वर्षं चालला. त्याच्या मते रक्त यकृतात अन्नापासून बनतं आणि अवयवांत जाऊन खर्ची पडतं. थोडं हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपतं. छिद्रं नाहीतच, रक्त फुप्फुसांमधूनच डावीकडे येतं, असं इब्न अल-नफीस या अरब वैद्याने १२४२ मध्ये लिहिलं. त्याचं हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस पडलं, तोवर युरोपने तीच गोष्ट नव्याने शोधून काढली होती.

विल्यम हार्वे इटलीतल्या पादुआत शिकला. त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांमधल्या झडपा दाखवल्या होत्या, पण त्या कशासाठी हे त्यांना उमगलं नव्हतं. हार्वेने दंडाला पट्टी आवळली. घट्ट आवळली की हात पांढरा, गार. थोडी सैल केली की शिरा टरारून फुगतात. बोटाने फुगलेल्या शिरेतलं रक्त पंजाकडे ढकलायला गेलं तर ते झडपेपाशी अडतं, हृदयाकडे मात्र सहज सरकतं.

याहून मोठा घाव गणिताने घातला. एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात हजारावर ठोके पडतात. तेवढं रक्त रोजच्या जेवणातून बनणं अशक्य! म्हणजे तेच रक्त फिरून येतं. १६२८ मध्ये फ्रँकफर्टला छापलेल्या पुस्तकात त्याने हे मांडलं. त्याचा अंदाज फारच कमी होता. विश्रांतीतल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. पण युक्तिवादाला तेवढा पुरला.

धमनीतून शिरेत रक्त जातं कसं, हे त्याला दिसलं नाही. या दोहोंना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक केशवाहिन्या १६६१ मध्ये माल्पिगी या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. तेव्हा हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती.

रक्त काढून टाकण्याचा उपचार मात्र पुढेही दोन शतकं चालूच राहिला. खुद्द हार्वेनेही तो सोडला नव्हता. त्यासाठी लावल्या जाणाऱ्या जळवांचं नंतर वेगळंच झालं. तुटलेलं बोट पुन्हा जोडल्यावर धमनीतून रक्त आत येतं, पण बारीक शिरांमधून परत जात नाही आणि बोट काळंनिळं पडतं. नव्या शिरा तयार होईपर्यंत ते साचलेलं रक्त ओढायला प्लास्टिक सर्जन जळू लावतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये त्याला परवानगीही दिली.