आग विझल्यावर जागा झाडू नका
दुकानदार, गोदाममालक आणि गृहनिर्माण संस्थांसाठी माहितीपत्रक

आग विझली की सगळे साफसफाईला लागतात. पण आगीचे कारण शोधणाऱ्या आमच्यासारख्या तपासनिसांसाठी तिथला कोळसा, राख आणि चिखल हाच पुरावा असतो. विम्याच्या दाव्याचा निकाल कधी कधी त्यातल्या डबाभर मलब्यावर अवलंबून असतो, आणि तो बिघडायला एक चूक पुरते.

प्रयोगशाळेत डबा गरम करून मलब्यातून सुटणारी वाफ सक्रिय कोळशाच्या पट्टीत शोषून घेतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटर या घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर तपासतात. पेट्रोलचा अगदी बारीक अंशही त्यात दिसतो. मात्र ते कुणी आग लावायला ओतले होते की दुसऱ्या दिवशी पंपातून सांडले, हे यंत्राला कळत नाही.

म्हणूनच पाणी उपसताना सगळ्यात जास्त जपायला हवे. पेट्रोलवर चालणारा पंप किंवा जनरेटर जळलेल्या जागेबाहेर ठेवा. इंधन रस्त्यावर भरा, आणि भरणाऱ्याने तेच हातमोजे, तेच बूट घालून आत येऊ नये. पंप आत लावून झालाच असेल तर तो नेमका कुठे ठेवला होता ते आम्हाला दाखवा. त्याच्या टाकीतल्या इंधनाचा नमुनाही आम्ही वेगळा घेतो.

वास जावा म्हणून फिनाईल ओतू नका. पाइन तेलाच्या फिनाईलमधली टर्पीन द्रव्ये टर्पेंटाइन या पेट घेणाऱ्या द्रावकातही असतात, त्यामुळे अहवालात विनाकारण प्रश्न उभे राहतात. आगीआधी दुकानात काय काय होते याची यादीही हवी: थिनर, पॉलिश, सॅनिटायझर, डास पळवणाऱ्या यंत्राच्या बाटल्या. या बाटल्यांमध्ये बहुधा वास काढलेले केरोसीन असते. यादीत त्यांची नोंद नसेल, तर मलब्यातले केरोसीन संशयास्पद वाटू शकते.

वीज आणि गॅस

वीज कंपनीने पुरवठा तोडल्याशिवाय आणि छत-भिंती सुरक्षित असल्याचे कळल्याशिवाय आत जाऊ नका. पडलेले एमसीबी (बिघाड झाल्यावर वीज आपोआप तोडणारे खटके) वर करून बघू नका. कोणता पडला आणि कोणता नाही, यावरून आगीच्या वेळी कोणत्या वायरीत वीज होती याचा अंदाज येतो. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा लागला तर जरूर करा, जिवापेक्षा पुरावा मोठा नाही. फक्त तो आधी चालू होता की बंद, आणि कुणी फिरवला, हे लिहून ठेवा. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर भिजला असेल तर त्याला पुन्हा वीज जोडू नका. तो न भिजता चालूच राहिला असेल तर चित्रण लगेच उतरवून घ्या, कारण डिस्क भरली की जुन्यावर नवे चढते.

आम्ही नमुने कसे घेतो

प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. खुरपे दर वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसतो. मलबा कोऱ्या, हवाबंद पत्र्याच्या डब्यात किंवा त्यासाठीच्या नायलॉन पिशवीत जातो. डबा दोन-तृतीयांशच भरतो, कारण वाफ साठायला वर मोकळी जागा लागते. साधी पॉलिथिनची पिशवी इथे चालत नाही. तिच्यातून वाफ निसटते, आणि शेजारच्या नमुन्याची वाफ आतही शिरते. त्याच खेपेतला एक रिकामा डबा सील करून सोबत पाठवतो, म्हणजे डबाच दूषित नव्हता हे दाखवता येते.

न जळलेल्या कोपऱ्यातला तसाच गालिचा, फोम किंवा लाकूडही आम्ही मागतो. ते देताना कृपया काचकूच करू नका. प्लास्टिक आणि फोम जळताना टोल्युइनसारखी द्रव्ये सुटतात आणि ती पेट्रोलमध्येही असतात. तुलनेला नमुना नसेल तर फरक सांगणे अवघड होते. माती असलेले नमुने आम्ही गोठवून ठेवतो, नाहीतर मातीतले जंतू पेट्रोलचे घटक खाऊन टाकतात.

पोलिसांना घातपाताचा संशय असेल तर नमुने पोलीस आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे लोक घेतात. त्यांचे काम आणि पंचनामा होईपर्यंत आम्ही कशालाही हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

आम्ही येईपर्यंत दोरी बांधून ये-जा बंद ठेवा. आत कोण, कधी, कशासाठी गेले ते एका वहीत लिहा. मलबा आधीच गोण्यांत भरला असेल तर टेम्पो रवाना करू नका. कोणती गोणी कोणत्या खोलीतली ते गोणीवर लिहा आणि पावसापासून झाकून ठेवा. त्यातूनही काही मिळू शकते.