डेमोत गाडी दिसली म्हणजे टेस्ट झाली असं नाही

नमस्कार. एअरपोर्टच्या आत ज्यांचे टँकर, ट्रॅक्टर, केटरिंगच्या गाड्या फिरतात आणि ज्यांनी त्यांच्यावर आमच्याकडून गाडीची जागा टॉवरला कळवणारे ट्रान्समीटर बसवून घेतलेत त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. एक प्रश्न आम्हाला सारखा येतो, की डेमोत तर सगळ्या गाड्या स्क्रीनवर दिसल्या, मग परत रात्री रनवे बंद असताना एवढ्या फेऱ्या कशाला? प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टॉवरमधल्या कंट्रोलरला धुक्यात, पावसात, रात्री खाली कोण कुठं आहे ते नावासकट दिसावं, रनवेवर कुणी आडवं येत असेल तर अलार्म यावा आणि पुढची पायरी म्हणजे टॅक्सीवेवरच्या, म्हणजे रनवेला जायच्या-यायच्या रस्त्यावरच्या, हिरव्या लाइट्सनी पायलटला वाट दाखवावी, या सगळ्याला मिळून ए-एसएमजीसीएस म्हणतात. यात ग्राउंड रडार असतं, विमानाचा किंवा गाडीचा 1090 मेगाहर्ट्झचा सिग्नल वेगवेगळ्या ठिकाणी किती फरकानं पोचला त्यावरून जागा काढणारं मल्टिलॅटरेशन असतं, आणि एडीएस-बी, म्हणजे गाडी स्वतःच जीपीएसवरून आपली जागा सांगते. तिन्हींचं मिळून स्क्रीनवर एका गाडीचं एकच टार्गेट, म्हणजे एकच ठिपका, दिसायला पाहिजे.

हे किती महत्त्वाचं आहे ते पुण्यात वेगळं सांगायला नको. 15 फेब्रुवारी 2020 ला लोहगावला टेक-ऑफच्या धावेत असलेल्या विमानाच्या पायलटला समोर रनवेवर जीप आणि माणूस दिसला, विमान वेळेआधी उचलावं लागलं, मागचा भाग खरचटला पण दिल्लीला सगळे सुखरूप उतरले. मिलानच्या लिनातेला 8 ऑक्टोबर 2001 ला तसं झालं नाही, दाट धुक्यात छोटं विमान चुकून रनवेवर आलं आणि 118 माणसं गेली, जुनं ग्राउंड रडार बंद केलेलं आणि नवीन अजून सुरूच झालेलं नव्हतं.

आता टेस्टचं. मल्टिलॅटरेशनला अपेक्षा अशी की जागा 95 टक्के वेळा 7.5 मीटरच्या आत बरोबर यावी आणि सेकंदाला एकदा अपडेट व्हावी. हे नुसतं स्क्रीनकडे बघून कळत नाही. म्हणून टेस्टच्या गाडीवर आम्ही वेगळा, सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारा आरटीके जीपीएस लावतो आणि त्याच्या रेकॉर्डशी सिस्टीमचं रेकॉर्ड जुळवतो. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा, कारण ताशी 50 किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढं जाते, म्हणजे दोन घड्याळांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी 7 मीटरची चूक दिसणार आणि चांगली सिस्टीम नापास होणार, नाहीतर उलट. तसंच दोन्ही अँटेना छतावर एकाच जागी नसतात, मधलं अंतर टेपनं मोजून हिशेबात धरावं लागतं.

मग आम्ही मुद्दाम अवघड जागी जातो. हँगरच्या पत्र्यावरून सिग्नल परावर्तित होऊन खोटं टार्गेट उठतं का, उभ्या मोठ्या विमानामागं गाडी गायब होते का, पावसाळ्यात ओल्या रनवेवर आणि वाढलेल्या गवतात रडार गोंधळतं का. मध्येच ट्रान्समीटर बंद करून बघतो, नाव गेलं तरी रडारवरचा ठिपका टिकला पाहिजे. आणि टॉवरच्या परवानगीनं, रनवे बंद असतानाच, लाल स्टॉप बार, म्हणजे रनवेच्या अलीकडं थांबायला सांगणारी लाल दिव्यांची ओळ, ओलांडून अलार्म खरंच येतो का ते बघतो.

अलार्म नुसता येऊन भागत नाही. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदाला रनवेवर कोस्ट गार्डचं विमान उभं होतं, स्क्रीनवर तशी खूण सुद्धा आली होती, पण ती कंट्रोलरच्या लक्षात आली नाही आणि आवाजाचा अलार्म नव्हता. उतरणारं विमान त्यावर आदळलं आणि पाच जण गेले. उलट विनाकारण सारखा वाजणारा अलार्म माणूस ऐकेनासा होतो, म्हणून खोटे अलार्म किती आले तेही आम्ही तितकंच काटेकोर मोजतो. आमच्या मते कंट्रोलरनं जुन्या पद्धतीनं काम करत असताना नवी सिस्टीम बाजूला चालवून बघणं हा टेस्टचा सर्वात मोलाचा भाग आहे, तो घाईत उरकू देऊ नका.

तुमच्याकडून काय लागेल? प्रत्येक युनिटला, म्हणजे ट्रान्समीटरला, स्वतःचा 24 बिटचा पत्ता (ओळख क्रमांक) असतो, एकच पत्ता दोन गाड्यांवर गेला तर स्क्रीनवर लेबल इकडून तिकडं उड्या मारतं. त्यामुळं एका टँकरचं युनिट काढून दुसऱ्यावर लावायचं असेल तर आधी आम्हाला फोन करा, कारण आत पत्ता आणि नाव बदलावं लागतं. अँटेनाजवळ शिडी, झेंडा, पिवळा दिवा नको. 1090 वर ट्रान्समिट करायला परवाना लागतो, गाडी आवारातून बाहेर काढताना युनिट बंद करा. आणि टेस्टच्या आधी गाडीचा नंबर, युनिटचा नंबर आणि छताचा फोटो व्हॉट्सॲपला पाठवा, पण लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, आत फोटो काढता येत नाही, तो गाडी तुमच्या यार्डात असतानाच काढून ठेवा.