बाराशे किलोमीटरवर संपर्क लागतो, ऐंशीवर का लागत नाही?

एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओ सेटवर बाराशे किलोमीटरवरचं मुख्यालय खणखणीत ऐकू येतं आणि डोंगरापलीकडे ऐंशी किलोमीटरवर बसलेल्या तुकडीचा पत्ता नाही. ऑपरेटर आधी बॅटरी बघतो, मग कनेक्टर, शेवटी अँटेना आणखी उंच चढवतो. हा शेवटचा उपाय तर नेमका उलटा!

3 ते 30 मेगाहर्ट्झच्या या पट्ट्यातली लहर आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागावरून, खाली परतते, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो परतण्याच्या दोन तऱ्हांत. लांब पल्ल्यासाठी लहर क्षितिजालगत, तिरकी सुटावी लागते, आणि अँटेना उंच नेल्यावर ती तशीच सुटते. आयनांबराच्या सगळ्यात वरच्या, एफ-2 थरावरून एका उडीत ती 4000 किलोमीटरच्या आसपास मजल मारू शकते. पण मधला पट्टा कोरडा राहतो: जमिनीलगतची लहर काही दहा किलोमीटरांत दमते आणि आकाशातून येणारी फार पुढे उतरते. हाच स्किप झोन, आणि आपली तुकडी नेमकी त्यात.

दुसरी तऱ्हा म्हणजे एनव्हीआयएस (निअर व्हर्टिकल इन्सिडन्स स्कायवेव्ह). इथे लहर जवळजवळ सरळ वर सोडायची. ती छत्रीसारखी खाली पसरते आणि भोवतालचा तीनेकशे किलोमीटरचा परिसर व्यापते. वरूनच येते, त्यामुळे मधला डोंगर आड येत नाही. 5 मेगाहर्ट्झसाठी साडेअठ्ठावीस मीटरचा डायपोल, म्हणजे दोन बाजूंना पसरलेली तारेची अँटेना, जमिनीला समांतर, सहा ते बारा मीटरवर ताणला की काम भागतं. उभा व्हिप, म्हणजे काठीसारखी अँटेना, मात्र कुचकामी. थेट डोक्यावर तो जवळपास काहीच फेकत नाही. म्हणून गाडीवरचा व्हिप वाकवून दोरीने बांधतात. दिसायला जुगाड, पण चालतो.

खरी मेख फ्रिक्वेन्सीत आहे. सरळ वर गेलेली लहर परतायची तर फ्रिक्वेन्सी आयनांबराच्या त्या वेळच्या मर्यादेखाली हवी. समजा मर्यादा 6 मेगाहर्ट्झ आहे. मग 5 वरची लहर परत येते. 14 वरची तिरकी सोडली तर दूरवर उतरते, सरळ वर सोडली तर थर भेदून अवकाशात निघून जाते. फार खाली उतरूनही चालत नाही, कारण दिवसा आयनांबराचा सगळ्यात खालचा डी थर खालच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. रात्री तो विरतो, पण एफ-2 ही दुबळा होतो. म्हणून दिवसाची फ्रिक्वेन्सी वेगळी, रात्रीची वेगळी. पहाटेच्या जरा आधी मर्यादा बहुधा सगळ्यात खाली असते. तेव्हाही 5 वरच अडून बसलात, तर शेजारची तुकडी गायब होते आणि लांबचं मुख्यालय मात्र ऐकू येत राहतं.