बंब बोलावला की बिल येतं?

"बंब बोलावलात तर घरी बिल येईल, आधी स्वतःच विझवून बघा," असा निरोप बडोद्याच्या ग्रुपांवर फिरत असतो. तसं नाही. शहरात आग लागली, कुणी अडकलं, तर १०१ किंवा ११२ फिरवा. पत्ता, जवळची खूण, काय जळतंय, आत कुणी आहे का, हे विचारतील, पैशांचं नाही. अग्निशमन हे १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत घातलेलं पालिकेचं काम. खर्च करांतून भागतो, आणि घरपट्टी आपण भरतोच की!

गैरसमज मात्र अगदीच हवेतला नाही. गरब्याच्या मैदानावर बंब उभा ठेवणं, तळघरातलं पाणी उपसणं अशा मागणीच्या कामांना बऱ्याच शहरांत शुल्क असतं. तशी पावती पाहिली की कुणाचाही घोळ होईल. खात्री करायची तर दांडिया बाजारच्या अग्निशमन केंद्रात दरपत्रक विचारा, किंवा माहिती अधिकारात मागवा.